प्रकाशदादाची सही

फाल्गुन लागला की रत्नागिरीच्या बाजारात शिनाण्यांचे वाटे दिसायला लागतात. खडकाला चिकटून वाढणारे हे काळे-हिरवे, बोटभर लांबीचे शिंपले. टोपलीतून काढले तरी ओले असतात, तोंडं घट्ट मिटलेली, अंगाला शेवाळाचे धागे. विकणारी बाई म्हणते, घे गो, आज सकाळचे हायत. मी मान हलवते आणि पुढे जाते. चौतीस वर्षं झाली, मी शिनाणे खाल्लेले नाहीत. डॉक्टरांनी मना केलेलं नाही, नवसबिवस काही नाही. एका माणसावर राग आहे आणि तो मी जेवतानासुद्धा सोडत नाही, इतकंच.

तो माणूस म्हणजे माझा चुलत भाऊ, प्रकाशदादा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आमचं गाव रत्नागिरीच्या खाली, समुद्राला लागून. त्याचं घर आणि आमचं घर एकाच खळ्यात, म्हणजे पुढचं अंगण दोघांचं एकच. मला बुडी मारायला त्यानेच शिकवलं, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं एकतर्फी वाटेल.

यंदा मात्र बाजारातून घरी आले ती थेट जेवणाच्या टेबलापाशी. मी एकटी राहते, त्यामुळे टेबलावर नकाशा पसरला तरी जेवायचं कुठे असं विचारणारं कोणी नसतं. नकाशा मालदीवचा आहे. निळ्या कागदावर कोणी तांदूळ सांडावेत तशी बेटं. त्यातली तीन मी लाल पेन्सिलीने गोल केली आहेत: एक अगदी वरचं, एक मधलं आणि एक पार खाली, विषुववृत्ताच्या पलीकडचं. तिन्हीकडे समुद्राच्या तळाशी जायचं आणि एका बेटावरून दुसऱ्यावर छोट्या विमानाने. अकरा दिवस. सोबत सिद्धी. सिद्धी सतरा वर्षांची आहे, नुकतीच तिची बारावीची परीक्षा संपली आहे, आणि ती प्रकाशदादाची मुलगी आहे.

आता कोणाला वाटेल, आत्या भाचीला फिरायला नेते, किती कौतुकाची गोष्ट. कौतुक आहेच. सिद्धी मला फार आवडते. पण मी तिला नेते आहे त्यात प्रेम चार आणे आणि सूड बारा आणे आहे, हे मी स्वतःशी लपवत नाही.

मी भूमापनात नोकरी करते. पंचवीस वर्षं भावाभावांच्या जमिनी मोजल्या आहेत. हातभर बांधासाठी आयुष्यभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की सूड या शब्दाचं मला काही वाटेनासं झालं आहे. बाहेरची माणसं म्हणतात, एवढ्याशा जागेसाठी कशाला भांडता. ज्याची जागा गेली त्याला ती एवढीशी कधीच नसते. मोजणी झाली, खुणेचे दगड बसले की अशी माणसं दगडाला हात लावून बघतात आणि मग पहिल्यांदा शांत होतात. मला माझा दगड बसवून घ्यायचा होता.

त्या वर्षीचा फाल्गुन-चैत्र मला अजून अंगावर आठवतो. पुनवेच्या आसपास समुद्र खूप मागे जायचा, एरवी न दिसणारे खडक उघडे पडायचे, त्यांचा खारट, कुबट वास पार वाडीपर्यंत यायचा. बारावीचा शेवटचा पेपर देऊन मी आले ती दप्तर टाकून खडकावर. कमरेला जाळीची झोळी, हातात बोथट कोयता. उघड्या खडकावरचे शिनाणे लहान. मोठे हवे असतील तर कडेच्या खोल पाण्यात बुडी मारायची. प्रकाशदादा म्हणायचा, आधी पोटात वारा भर, मग छातीत, मग खाली जा आणि घाई करू नकोस. खाली गेलं की कानात ठोके ऐकू यायचे. हाताला शिंपल्यांची धार लागायची, पाणी गार व्हायचं, वरचा उजेड हिरवा दिसायचा. दोन उन्हाळ्यांत मी त्याच्या पुढे गेले. तो नव्वद अंक मोजेपर्यंत राहायचा, मी एकशे दहा. मोजायचा तोच. आकडा सांगताना त्याचा चेहरा कसा व्हायचा, ते मी तेव्हा पाहायला हवं होतं.

त्याच दिवसांत मुंबईहून समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणारी काही मंडळी जीप घेऊन आली. दोन पुरुष, एक बाई. त्यांना बुडी मारणारं एकच तरुण माणूस हवं होतं. शिकवणार होते, पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली काम करायला. आणि नेणार होते लक्षद्वीपला, कोचीहून विमानाने. विमान आम्ही तोवर फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं. त्या बाईंनी मला दोन दिवस आधी पाण्यात पाहिलं होतं. वर आले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. सुलभा, असं कोणी वहीत लिहावं एवढं मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

परीक्षा ठरली पुनवेच्या ओहोटीला. सगळी वाडी खडकावर जमली. आमच्या त्या खडकाच्या माथ्यावर राखणदाराची जागा आहे, शेंदूर लावलेला दगड. पाळीतली बाई तिथे जात नाही, त्या पाण्यातही उतरत नाही. गेली तर कोणाचं तरी काहीतरी होतं म्हणतात. मी केस बांधून पुढे झाले. तेवढ्यात प्रकाशदादा सगळ्यांसमोर, त्या बाईंकडे न बघता, गावातल्या माणसांकडे बघून म्हणाला, "सुलूला आज चालत नाय."

झालं, एवढंच. सगळ्यांना कळलं. मुंबईच्या बाईंनासुद्धा कळलं. त्यांनी विचारलं, मग उद्या? कोणीतरी म्हणालं, चार दिवस. ती मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी जाणार होती. ते खोटं होतं. माझी पाळी होऊन बारा दिवस झाले होते. पण सांगणार कशी? वाडीतल्या वीस-पंचवीस पुरुषांसमोर, काकांसमोर, सतरा वर्षांच्या मुलीने म्हणायचं काय? बाईला चालत नाही असं सगळे म्हणतात. मला चालतं, असं म्हणायची पद्धतच नाही. मी खडकावर उभी राहिले. कान तापले. पायाखालच्या शिंपल्या रुतत होत्या तेवढं आठवतं.

घरी येऊन आईला सांगितलं, दादा खोटं बोलला. माझे बाबा मुंबईला नोकरीला, घर आईच्या अंगावर. ती चुलीपाशी होती, मागे वळली नाही. म्हणाली, आता सांगितलंय ना चार माणसांत, मग बस चार दिवस. आणि माझं कांबळं पडवीच्या कोपऱ्यात टाकलं. मी न आलेल्या पाळीचे चार दिवस लांब बसले. आई ताट सरकवायची, वरून पाणी वाढायची, काही बोलायची नाही. मला वाटलं, घराची लाज राखते आहे. त्या चार दिवसांत प्रकाशदादाने पिशवी भरली आणि तो जीपमधून गेला.

तीन महिन्यांनी परतला तो फोटो घेऊन. छोट्या विमानाच्या पायरीवर उभा, डोळे बारीक केलेले. त्यानंतर दर गणपतीत, दर शिमग्यात मी तो विमानप्रवास ऐकला. विमान एवढं लहान की सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात. वरून पाहिलं तर समुद्राचा रंग तीन प्रकारचा दिसतो. तळाशी मांडी घालून बसलं की मासे हाताजवळ येतात. माणसं कौतुकाने ऐकायची आणि मी आत खोबरं खवत बसलेली असायचे. खोबऱ्याबरोबर बोटंही खवून निघायची. पुढे त्याने त्या शिक्षणाचं काहीच केलं नाही. गावी आला, काजू-आंबा बघत राहिला, देवीचा मानकरी झाला. तो मोठा पाणबुड्या झाला असता तर मला कदाचित एवढं लागलं नसतं. माझं घेतलं आणि वापरलंही नाही.

टाकी लावून मी पहिल्यांदा पाण्यात उतरले ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मालवणच्या बाजूला. शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. त्याने पहिला नियम सांगितला: खाली काहीही झालं तरी दम धरायचा नाही, श्वास घेत राहायचा, सोडत राहायचा. मला तेच जमेना. सवय उलटी. खाली गेले की छाती आपोआप बंद. तो हाताने खुणा करायचा, सोडा मॅडम, सोडा. तीन दिवस लागले मला श्वास सोडायला. चौथ्या दिवशी तळाशी वाळूवर गुडघे टेकले, बुडबुडे वर जाताना पाहिले आणि पाण्याखालच्या चष्म्याच्या आत रडले. आनंद होताच, पण त्याहून जास्त प्रकाशदादाला मनातल्या मनात वाटेल ते बोलले. पाण्याखाली शिव्या देण्याची सोय उत्तम आहे.

आता हा आराखडा. यात फार मजा आहे, जमीन मोजण्यासारखीच. छोटी विमानं रोज जात नाहीत. सामानाला वीस किलोची मर्यादा, त्यात चष्मा, पायातले पंख, रबरी पोशाख आणि वहिनीने, म्हणजे सिद्धीच्या आईने, दिलेल्या कुळथाच्या पिठाची पिशवी. पंचेचाळीसच्या पुढच्या माणसाला डॉक्टरांचा दाखला लागतो. आमचे नेहमीचे डॉक्टर तो फॉर्म उलटसुलट बघत बसले. म्हणाले, आजवर लोकांना रजेसाठी दाखले दिले, बुडायसाठी पहिल्यांदाच देतोय. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम विमानाचा. टाकी लावून खोल गेलं की श्वासातल्या हवेतला काही भाग रक्तात मुरतो. तो हळूहळू बाहेर पडतो. पाण्यातून आलात आणि लगेच विमानात बसून आभाळात गेलात तर त्याचे अंगातच बुडबुडे होतात, सांधे धरतात, जिवावरही बेततं. म्हणून शेवटच्या बुडीनंतर पुरता एक दिवस कोरडा काढायचा, मग विमान.

माझ्या पहिल्या आराखड्यात कोरडा दिवस नव्हता. सकाळी बुडी, दुपारी विमान, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बुडी. सिद्धी टेबलाशी वाकून बघत होती. एवढं शिकून आलेली बाई ही चूक कशी करते ते तिला कळेना. ती म्हणाली, "आत्या, तू मला मारणार आहेस." मी हसले, पण मनातून चरकले. त्याने एक बेट पाहिलं, मी तीन बघीन. तो एका विमानात बसला, मी चारांत बसेन, या हिशेबात मी शरीर विसरले होते. माझं तर माझं, त्या पोरीचंही. मी सगळं खोडलं आणि नव्याने चौकोन आखले. बुडीचे दिवस निळे, कोरडे तसेच मोकळे सोडले. त्या मोकळ्या चौकोनांकडे बघताना पडवीतलं कांबळं आठवलं. हेही लांब बसणंच. फक्त याला कारण आहे आणि ते कोणीही विचारलं तर सांगता येतं.

तारखा मी मुद्दाम शिमग्यातल्या धरल्या. पालखी प्रकाशदादाच्या दारात उभी राहील त्या दिवशी त्याची मुलगी विषुववृत्ताच्या खाली, वीस मीटर पाण्यात असेल, असा माझा बेत. शिवाय सिद्धीला जुलैत अठरा पूर्ण होतात. तोवर थांबले असते तर कोणाची सही लागली नसती. मला थांबायचं नव्हतं. मला सहीच हवी होती. अठराच्या आतल्या मुलीला पाण्यात घ्यायचं तर बापाने दोन पानांवर लिहून द्यावं लागतं. फॉर्म इंग्रजीत, मी त्याचं मराठी करून खाली टाईप केलं, एकेक शब्द निवडून. सरकारी मराठी लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

गेल्या रविवारी दुपारी गावी गेले. वेळही मुद्दाम निवडली. पालखीचं ठरवायला मानकरी प्रकाशदादाच्या खळ्यात जमणार होते. तेव्हा माणसं होती, आताही माणसं हवीत. पाच-सहा जण खुर्च्यांवर बसले होते, त्यांत भिकाजीतात्या, ऐंशीच्या घरातले, त्या दिवशी खडकावर हजर असलेले. मांडवावर माडाचे वाळलेले झाप, आंब्याखाली गळलेल्या बारक्या कैऱ्या, कुठेतरी पोरं ढोल तापवत होती. मी पिशवीतून कागद काढून प्रकाशदादापुढे ठेवले आणि कशासाठी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

तो वाचत बसला. केस पांढरे झालेत त्याचे, गुडघा धरून बसतो. नाही म्हणायला त्याला कारण सापडत नव्हतं, ते भिकाजीतात्यांनी पुरवलं. म्हणाले, शिमग्यात पोरगी घरात नको काय? पालखी दारात आल्यावर वटी कोण भरणार? बाकीच्यांनी माना डोलावल्या. प्रकाशदादाने कागद हळूच खाली ठेवला. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच खळं, त्याच माना, आणि माझ्या तोंडातून पुन्हा शब्द फुटेना.

सिद्धी चहाचं तबक घेऊन बाहेर आली होती. तिने सगळ्यांना कप दिले, शेवटचा तात्यांना. मग साध्या आवाजात म्हणाली, "तात्याआजोबा, तेव्हा मला पाळी असणार. तुम्ही मला पालखीजवळ येऊच देणार नाय. मग मी पडवीत बसले काय नि बेटावर बसले काय, एकच ना?"

एकाला एकदम चहा फार गरम लागला. दुसरा आंब्याकडे बघत राहिला. तात्यांनी कप बशीत ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. ती खरं बोलत होती की खोटं, मी तिला अजून विचारलेलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. इतकं सोपं होतं? एवढं एक वाक्य, चहा देता देता बोलण्याजोगं, आणि त्यावाचून माझं सगळं राहिलं?

प्रकाशदादाने पेन घेतलं. पहिल्या पानावर सही केली. माणसं आपसात बोलायला लागली तसा तो माझ्याकडे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "सुलू, तेव्हा मी माझ्या मनानं नाय बोललो. काकीनं सांगितलं होतं, सकाळी विहिरीवर. म्हणाली, असं सांग, मग कोण काय विचारणार नाय."

काकी म्हणजे माझी आई. नऊ वर्षांपूर्वी गेली.

एकोणीस वर्षांच्या पोराच्या तोंडात ते शब्द आले कुठून, हा प्रश्न मला कधीच का पडला नाही? त्या काळी आमच्या वाडीतले मुलगे हे आपल्या आईसमोरसुद्धा बोलत नसत. दुसऱ्यांच्या जमिनीची कागदपत्रं मी तीन-तीनदा तपासते. हा एक कागद मी तपासलाच नाही. घरातल्या बायकांचे दिवस माजघराच्या दाराआड चुन्याच्या बोटाने मांडून ठेवणारी बाई ती. तिला माझे बारा दिवस माहीत होते. चुलीपाशी ती मागे वळली नाही, ती का, ते चौतीस वर्षांनी कळत होतं. तिला काय वाटलं असेल? नवरा लांब, तरणी पोर परक्या माणसांबरोबर, तीही विमानाने, समुद्राच्या तळाशी. तिला मी बुडेन अशी भीती वाटली की परत येणार नाही अशी? विचारायला ती नाही. तिच्यावर चिडून शिनाणे सोडावेत, तर ते मी केव्हाच सोडलेत. क्षणभर वाटलं, उठावं आणि त्या माणसाला मोकळं करावं. एवढी वर्षं दुसऱ्याचं नाव न घेता माझा राग सोसला त्याने.

मग मला तो फोटो आठवला. पायरीवर उभा, डोळे बारीक. आईने त्याला खोटं बोलायला सांगितलं होतं. जीपमध्ये चढायला सांगितलं नव्हतं. दर गणपतीत तो प्रवास रंगवून सांगायलाही सांगितलं नव्हतं.

"तिने सांगितलं," मी म्हटलं. "बोललास तू. आता दुसरं पान. ते मोठ्याने वाचून मग सही करायची असते."

असा काही नियम नाही. तो मी जागच्या जागी केला. प्रकाशदादाने माझ्याकडे पाहिलं, त्याला कळलं, आणि त्याने वाद घातला नाही. चष्मा लावला. तो वाचायला लागला, शाळेत धडा वाचतात तसा, एकेक शब्द सुटा करत: "मी असे जाहीर करतो की," मग थांबला, कारण तिथे मी जागा मोकळी सोडली होती, "हिला पाण्यात उतरण्यास कोणतीही अडचण नाही व माझी त्यास पूर्ण संमती आहे."

वाचून झालं. भिकाजीतात्या माझ्याकडे बघत होते; त्यांनाही बहुधा काहीतरी आठवलं. प्रकाशदादाने पेन त्या मोकळ्या जागेवर टेकवलं आणि मान खाली ठेवूनच विचारलं, "नाव कोणाचं घालू?"

तो हे शहाजोगपणे विचारत नव्हता. त्याला खरंच माझं नाव लिहायचं होतं, आणि मी हो म्हटलं असतं तर त्याने लिहिलंही असतं.

"पोरीचं घाल," मी म्हटलं. "माझं घालायची तुझी वेळ गेली."

त्याने सिद्धीचं नाव घातलं आणि कागद माझ्याकडे दिला. अक्षर वाकडं आलं होतं, तरी वाचता येत होतं. मी पिशवीतून दुसरी कोरी प्रत काढली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून लिहायला लावलं.